डाव्या कोपऱ्यातली गोदी

धनकवडीत, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीतून
दर शनिवारी साडेसहाला आमचं यान सुटतं.
इंजिनाचा आवाज मला काढावा लागत नाही,
खाली ताम्हाणे ज्वारी दळत असतात.
आठला गिरणी थांबते, तेव्हा मी म्हणतो,
"इंधन संपलं."
आणि कुणीही हसत नाही. एवढीच माझी कमाई.

सिनेमा सगळ्या जगाला पाठ आहे.
त्यातल्या नायकाचं ते मागे वळून बघणं
पोरांच्या डब्यांवरसुद्धा छापलेलं.
म्हणून पहिल्याच दिवशी नियम सांगितला:
नायक इथं यायचा नाही.
तो कायम शेजारच्या ग्रहावर,
बडा पाहुणा जसा नेहमी शेजाऱ्यांकडेच उतरतो.

आपण राहायचं एका गोदीत.
दुसऱ्या भागात, एक तास अकराव्या मिनिटाला,
नायकाच्या खांद्यामागे, पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात
ती दिसते आणि दोन सेकंदांत पेटून जाते.
सिनेमात तिला नाव नाही. मी ठेवलं,
गोदी बुद्रुक. खुर्द पलीकडच्या चंद्रावर.

दोन वर्षं चालवली.
जुईली यानांचे सांधे जोडायची,
समद खोटे परवाने विकायचा, पण पावती द्यायचा,
हृषी यंत्रमानव, सारखा रजेचा अर्ज करणारा,
आणि वाळिंबे काका, कोठाराचे रखवालदार.
मी महापालिकेत पाणीपुरवठ्याला, सवय जात नाही:
गोदीतही गुरुवारी पाणी बंद.

काकांनी सिनेमा पाहिलेला नव्हता.
खडकीच्या कारखान्यातून निवृत्त. नातवाला सोडायला आले,
नातू महिन्याभरात कंटाळला, काका राहिले.
बाकीच्या तिघांना शेवट ठाऊक होता
आणि ते ठाऊक नसल्यासारखे फासे टाकत.
काका नुसतेच टाकत.

मार्चअखेरीला आम्ही त्या मिनिटापाशी पोचलो.
लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे
स्फोट लिहून तयार होता, पानभर, बऱ्या भाषेत.
मी म्हणालो, "आकाशात एक ठिणगी दिसते."
काकांनी फासा उचलला नाही.
चष्मा काढून विचारलं,
"पाळीवर माणसं किती?"

दोन वर्षं मी तिथल्या पाण्याच्या वेळा लिहिल्या,
माणसं मोजली नव्हती.
"असतील अंदाजे..."
"अंदाजे नसतं. आमच्या शेडमध्ये एकदा
म्हणाले होते अंदाजे. हजेरीपट आण."

पुढचे सहा शनिवार आम्ही हजेरी लिहिली.
चारशे बारा नावं.
कमी पडली तेव्हा जुईलीनं अख्खा दहावी क घातला,
समदनं घोरपडी पेठेतली एक गल्ली, मी आमचे लाइनमन.
ताम्हाणे भाडं मागायला वर आले,
तर तेही, कँटीनवर.
आणि प्रत्येक नावामागे एक फासा, वीस बाजूंचा,
फटींत पीठ बसलेला.
हृषीनं रजेचा अर्ज स्वतःच फाडला.

शेवटची बोट सुटायला सोळा हवे होते.
पडले तीन.
"बोट सुटेपर्यंत कोठाराची आग अडवायला हवी," मी म्हणालो.
काका म्हणाले, "मी आत आहे. दार लावून घेतो.
बाहेरून लागत नाही ते, तूच सांगितलेलंस."
खरं होतं. गेल्या वर्षी, एका विनोदापुरतं.

मग एकदाचा समदकडे सिनेमा लावला.
एक तास अकरा मिनिटं. डावा कोपरा. उजेड.
समद हळूच म्हणाला, "रिकामी होती."
"रिकामी कशी," काका म्हणाले, "मी होतो ना."
त्यांनी ते दोन सेकंद परत लावायला लावले,
पुढे वाकून पाहिलं.
"दार नीट लागलं होतं," म्हणाले.
मग जरा त्रासून,
"पण हा कोण
मध्ये मध्ये उभा?"